वहिनींच्या अंगातली कसर

वैशाखातल्या सकाळी आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीला एक खास वास येतो, शिजत्या चिकाचा. तीन दिवस पाण्यात भिजून आंबूस झालेला गहू वाटावा, गाळावा, रात्रभर निवळू द्यावा आणि तळाशी बसलेलं ते शुभ्र सत्त्व सकाळी उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहावं. मग मीठ-हिंगाच्या वाफेबरोबर एक आंबट, उबदार परिमळ गच्चीवरून जिन्याजिन्यानं खाली उतरतो आणि कुरडया सुरू झाल्याची वर्दी घरोघर देतो. मोगऱ्यावर आणि बकुळीवर आपल्याकडे किती लिहून झालं! चिकाच्या वासाला मात्र कुणी वाली नाही. पोटाशी नातं असलेल्या सुगंधाला ललित वाङ्मयात मज्जाव असतो की काय, कोण जाणे. मला तर तो वास आला की जीभ आणि डोळे दोन्ही एकदमच ओले होतात. जिभेचं कारण तुम्हाला कळेल. डोळ्यांचं सांगायला हा सगळा प्रपंच.

आमच्या गल्लीत कुरडया कुणी एकटीनं करत नाही. आज हिची गच्ची, उद्या तिची, असा महिनाभर फेरा चालतो, आणि या फेऱ्याच्या अनभिषिक्त सम्राज्ञी म्हणजे माझ्या वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. गंगापूरकडच्या. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा मी आठवीत होते. माझ्या केसांतला गुंता आईच्या हाताला सुटत नसे, तो वहिनींनी पहिल्याच आठवड्यात सोडवला आणि मला कायमचं आपलंसं केलं. वयानं सहा वर्षांनी मोठ्या असूनही मला त्या 'बेबीताई' म्हणतात आणि अहो-जाहो करतात. मी आता पन्नाशीला टेकलेली बेबी आहे, दोन गल्ल्या सोडून सासरी राहते, त्याला इलाज नाही. तर चीक शिजला की नाही, याचा निवाडा वहिनींचा. ओलं बोट त्या खदखदत्या चिकावर क्षणभर टेकवायचं. बोटाला चिकटला नाही तर झाला. बाकीच्या बायका हे करताना बोट भाजून घेतात. वहिनी ते पापणी न लववता करायच्या आणि वर म्हणायच्या, "अजून दोन कढ येऊ द्या, घाई कशाची लागलीय?"

आणि एका वैशाखात त्या आल्याच नाहीत. गच्चीवर पातेलं चढलेलं, सोऱ्या धुऊन ठेवलेला, जुन्या साड्या अंथरलेल्या, सहा जणी पदर खोचून उभ्या, आणि निवाडा करणारीचा पत्ता नाही. मी तरातरा त्यांच्या घरी गेले. वहिनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडव्या होत्या. म्हणाल्या, "अंगात कसर हाय जरा, बेबीताई. तुम्ही घ्या करून."

कसर! हा शब्द तुमच्याकडे आहे का, मला ठाऊक नाही. आमच्याकडे बारीक तापाला कसर म्हणतात. सणसणून भरतो तो ताप; हाडांत मुरून बसते, कपाळाला हात लावला तर कळते न कळतेशी, ती कसर. मी ताबडतोब कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. "काही नाही वहिनी, उन्हाचं झालं असेल," असं म्हणून मी परत गच्चीवर गेले, आणि त्या दिवशीच्या कुरडया आम्ही कच्च्या चिकाच्या घातल्या. तळताना त्या फुलल्याच नाहीत. वर्षभर आम्ही सगळ्यांनी त्याचा दोष गव्हाला दिला.

त्यानंतर कसर काही उतरेना. ज्येष्ठ लागला तरी वहिनींचं एकच उत्तर: कसर हाय. भाजीत दोनदा मीठ पडू लागलं आणि कधी पडेचना. केस विंचरलेले नसत. बोलताना शब्द सावकाश, जणू एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढायचा आहे. पहाटे चारला डोळे उघडत आणि मग उजाडेपर्यंत त्या नुसत्या आढ्याकडे बघत पडून असत. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीचा फोन आला की "बरं हाय, तू जेवलीस का" एवढं म्हणून फोन दादाच्या हातात. टीव्हीवरच्या मालिका, शेजारणीचं बाळंतपण, आवडीची शेपूची भाजी, कशाकशात जीव म्हणून नाही. आज मी ही यादी अशी घडाघडा सांगते, कारण आज मला तिचा अर्थ कळतो. तेव्हा प्रत्येक गोष्ट वेगळी दिसे आणि प्रत्येकीचं स्पष्टीकरण तयार असे. वय झालं. पाळी गेली. पोर दूर आहे. पिशवीच्या ऑपरेशनपासून अंगात ताकद नाही. गंगापूरची आई जाऊन वर्ष झालंय, आठवण येत असेल. आणि सगळ्यात सोपं, सगळ्यात हाताशी असलेलं, म्हणूनच सगळ्यात क्रूर स्पष्टीकरण: आळस चढलाय.

आता माझ्या अपराधाकडे येते. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पंचवीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढते आहे. माझा विश्वास आकड्यांवर. माणूस खोटं बोलेल, रक्त बोलणार नाही, हे माझं ब्रीद, आणि ते मी येता-जाता लोकांना ऐकवायचे सुद्धा. एका सकाळी मी वहिनींचं रक्त घरीच काढलं. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, लिव्हर, किडनी, जीवनसत्त्वं, काही म्हणून सोडलं नाही. रविवारी सगळं घर जेवायला बसलेलं असताना मी तो पाच पानी कागद फडकवत आत शिरले आणि मोठ्या आनंदानं जाहीर केलं, "वहिनी, सगळे रिपोर्ट नॉर्मल! तुम्हाला काही एक झालेलं नाही."

काय सुंदर बातमी ती! दादानं सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच श्वासात त्याचा इतक्या दिवसांचा धीरही संपला. "मग आता उठ की," तो म्हणाला. "तुला कमी काय आहे?" दादा वाईट माणूस नाही. पाटबंधारे खात्यात नोकरी, संध्याकाळी थेट घरी, बायकोला एक शब्द लागेलसा बोललेला मी ऐकला नव्हता. पण घाबरलेल्या माणसाला रागाचं सोंग फार सोयीचं असतं. वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ताटातली पोळी अर्धी मोडली, अर्धी तशीच ठेवली, आणि आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी 'कसर' हा शब्द उच्चारला नाही.

मी मात्र समाधानी होते. शब्द गेला म्हणजे आजार गेला, असं मला वाटलं.

मग सुरू झाले उपाय. कुणी सांगितलं मन रमवा, कुणी म्हटलं दृष्ट काढा, कुणी पहाटेच्या योगाच्या वर्गाला नाव घातलं. दादा त्यांना एका रविवारी म्हैसमाळला घेऊन गेला. हिरवागार डोंगर, धुकं, भाजलेली कणसं. वहिनी गाडीतून उतरल्या, एका दगडावर बसल्या आणि निघायची वेळ झाली तेव्हा उठल्या. सौंदर्य माणसाला बरं करतं, असं आपण लिहिणारे-वाचणारे लोक फार सहज म्हणून जातो. पण ज्या इंद्रियानं सौंदर्य चाखायचं तेच मुकं झालं असेल तर? मग तो हिरवा डोंगर म्हणजे आणखी एक आरोप. सगळ्यांना छान वाटतंय आणि तुला एकटीला वाटत नाही, म्हणजे दोष तुझाच. त्या मला फार नंतर म्हणाल्या, की त्या दगडावर बसून त्या फक्त एवढंच ठरवत होत्या की चेहरा कसा ठेवला म्हणजे दादाला बरं वाटेल.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कधी पाचव्या दिवशी, कधी सातव्या. म्हणून पाण्याचा दिवस हा आमच्याकडे सणापेक्षा मोठा. त्या दिवशी लग्नाला जायचं नाही, आजारी पडायचं नाही, शक्यतो मरायचंही नाही. गल्लीत पाणी खेचणाऱ्या मोटारींची घरघर सुरू झाली की बायका हातातला घास टाकून उठतात. हौद, टाकी, पिंप, हंडे, शेवटी तांब्या-पेलेसुद्धा भरून ठेवतात. आणि कुणाच्या घरचं पाणी गटारीला लागलं तर त्या घराची अब्रूच गेली म्हणून समजा. वहिनी तर या बाबतीत अशा कडक, की माझ्या लग्नाच्या दिवशी अक्षतांच्या आधी त्यांनी नळ बंद आहे की नाही ते पाहून घेतलं होतं.

श्रावणातली एक सकाळ. पाण्याचा दिवस. दादा सरकारी कामासाठी फुलंब्रीला गेलेला. मी लॅबला निघाले होते आणि वाटेत त्यांच्या दारावरून जाताना पाहिलं, तर अंगणातून पाण्याचा ओहोळ फाटकाखालून बाहेर येत होता आणि रस्ता ओलांडून गटारीत पडत होता. माझं डोकंच फिरलं. फाटक ढकलून मी ओरडतच आत गेले. हौद काठोकाठ भरून वाहत होता, आणि वहिनी त्याच्याच कट्ट्यावर बसल्या होत्या. पाय पाण्यात. पातळाचा काठ भिजून जड झालेला. नळाची चावी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती.

"वहिनी, पाणी वाया चाललंय, दिसत नाही का?"

"दिसतंय की," त्या म्हणाल्या. आवाजात ना राग, ना लाज. "मघाधरनं दिसतंय. हात उचलंना झालाय, बेबीताई."

मी चावी बंद केली. पंचवीस वर्षांत मी हजारो हातांना सुई लावली असेल. पण हात धडधाकट असून उचलत नाही, हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं, किंवा ऐकलं असेल आणि रिपोर्टच्या खाली दाबून टाकलं असेल. ज्या बाईनं भर मांडवातून उठून नळ तपासला, तिच्यासमोरून पाणी वाहून जातंय आणि तिचा हात उचलत नाही. याला आळस म्हणायचं? आळशी माणसाला काम टाळून सुख तरी मिळतं. या चेहऱ्यावर सुखाचा कण नव्हता. मला पहिल्यांदा भीती वाटली, खरीखुरी. मी तिथंच कट्ट्यावर बसले, ओल्या जागी, ड्युटीच्या पांढऱ्या कोटासकट.

आणि मग मी जे विचारलं ते विचारायला माझी जीभ रेटत नव्हती. "वहिनी, जिवाचं काही बरंवाईट करावं असं येतं का हो मनात?"

त्यांनी पाण्याकडे बघतच होकारार्थी मान हलवली. "सकाळी उठलंच नाय तर बरं, असं रोज वाटतं. कधी कधी त्याच्या पुढचंबी येतं. मग पोरीचं तोंड दिसतं." आणि क्षणभरानं, "तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं. कुणी विचारलंच नव्हतं."

मला तोवर वाटायचं की असला प्रश्न विचारला तर नसलेला विचार डोक्यात भरवल्यासारखं होईल. डॉक्टरांनी पुढे सांगितलं की तसं होत नाही. उलट एकट्यानं वाहायचं ओझं दोघांत वाटलं जातं. त्या क्षणी मला हे काही माहीत नव्हतं. मी फक्त त्यांचा हात घट्ट धरला, लॅबला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, आणि दादाला फोन लावला. तो आधी चिडला. मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे लोक वेडी म्हणतील, सोयरे काय म्हणतील, पोरीचं लग्न व्हायचंय. "दादा," मी म्हटलं, "पोरीच्या लग्नात तिची आई पाहिजे ना?" पलीकडे एसटी स्टँडच्या गलक्यात त्यानं कुणाला तरी परतीची गाडी विचारली. मग तो म्हणाला, "मी येतो. तोवर तिला एकटी सोडू नको." तासाभरात तो आला, आणि दुपारी आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागाच्या बाहेर रांगेत होतो. तिथं बसलेली माणसं पाहून दादा खालच्या आवाजात म्हणाला, "ही तर सगळी आपल्यासारखीच आहेत." काय अपेक्षा होती त्याची, देव जाणे.

डॉक्टर मुलगी तिशीतली, बोलण्यावरून आमच्याच भागातली. मी सवयीनं रिपोर्टची पाच पानं तिच्यापुढे सरकवली. तिनं ती पाहिली, सगळं तपासलंत ते बरं केलंत म्हणाली, आणि बाजूला ठेवली. मग वहिनींकडे वळून विचारलं, "काय होतंय, मावशी?" इतक्या दिवसांनी तो शब्द पुन्हा ओठांवर आला, अगदी दबकत. "अंगात कसर हाय." आणि डॉक्टरनं काय केलं असेल? कपाळाला हात लावला नाही. थर्मामीटर काढला नाही. फक्त विचारलं, "कसर म्हणजे कसं वाटतं? मला सांगा बरं."

एवढंच. मी तीन महिन्यांत न विचारलेला प्रश्न. वहिनी बोलू लागल्या, तुटक, थांबत थांबत. अंग गार असतं पण आतून काहीतरी पोखरतंय असं वाटतं. चव कळते पण गोड लागत नाही. चिकात गाठी झाल्यावर कितीबी ढवळा, सुटत नाहीत, तसं डोकं झालंय. रडावं म्हटलं तर रडू येत नाही. घरातली सगळी माणसं चांगली आहेत आणि आपण त्यांचं अन्न फुकट खातोय. आई अशीच पडून असायची शेवटी शेवटी. तेव्हा आपणही तिला बोललो होतो, उठ म्हणून. हे सांगताना त्यांचा आवाज फुटला, आणि कोरड्या पडलेल्या त्या डोळ्यांना पहिल्यांदा पाणी आलं. दादा खिडकीबाहेर बघत होता. त्याचेही खांदे हलत होते.

त्या दिवसापासून मी या तीन अक्षरांवर विचार करते आहे. कसर म्हणजे बारीक ताप, हे आमच्या बोलीत. कसर म्हणजे उणीव, कमतरता; तो अर्थ अवघ्या मराठीला ठाऊक. आणि कसर म्हणजे तो इवलासा किडासुद्धा, जो पेटीतल्या शालूला आणि कपाटातल्या पोथीला आतून खात जातो. वरून घडी जशीच्या तशी, उलगडली की चाळण. वहिनींनी कुठला अर्थ मनात धरला होता? मला वाटतं तिन्ही. आजाराचं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण तो आजार काय करतो हे त्यांनी पहिल्याच दिवशी एका शब्दात सांगितलं होतं. ताप असलेला अर्थ तेवढा मी उचलला, कारण तोच मला मोजता येत होता. आणि दादानं विचारलं होतं, कमी काय आहे! बिचाऱ्याला काय ठाऊक, की तो त्यांच्याच शब्दाचा दुसरा अर्थ त्यांना विचारत होता, फक्त उत्तर ऐकायला थांबत नव्हता.

कारण काय, हे दादानं डॉक्टरला तीनदा विचारलं. माणसाला कारण हवं असतं. कारण सापडलं की कुणाला तरी दोष देऊन मोकळं होता येतं. ती म्हणाली, एकच कारण शोधू नका. आईकडून आलेली प्रकृती असेल, ऑपरेशन आणि पाळी जाण्याच्या काळातली शरीराची उलथापालथ असेल, आई गेल्याचं न रडलेलं दुःख असेल, रिकामं झालेलं घर असेल. थोडं थोडं साचतं आणि एक दिवस तोल जातो. कधी तर काहीच सापडत नाही आणि तरी आजार खराच असतो. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत, आणि दर खेपेला येऊन बोलायचं. घरच्यांनी काय करायचं, या प्रश्नावर ती म्हणाली, उपदेश कमी करा, सोबत वाढवा, आणि काही दिवस त्यांना एकटं ठेवू नका. हे ऐकायला किती सोपं, आणि माझ्यासारख्या तोंडाळ बाईला किती अवघड!

चमत्कार काही झाला नाही. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची, झोप यायची. भाद्रपदात एक आठवडा इतका वाईट गेला की लेक पुण्याहून येऊन राहिली. दादा मोटार लावायला शिकला आणि पहिल्याच दिवशी सगळी गच्ची भिजवून बसला. गल्लीत कुणी विचारलं तर तो आधी "शुगर आहे" म्हणायचा. पुढे एकदा मी त्याला शेजाऱ्याला सरळ "डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू आहे" असं सांगताना ऐकलं, आणि शेजाऱ्यानं आवाज खाली आणून त्याच डॉक्टरचा वार विचारून घेतला. दसऱ्याच्या सुमारास वहिनींनी मला पहिल्यांदा झापलं, कोथिंबीर जाड चिरते म्हणून. मी आत जाऊन रडून घेतलं. इतकं छान मला कितीतरी दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही दोघी पुन्हा मानसोपचार विभागाबाहेरच्या बाकावर आमचा नंबर यायची वाट बघत होतो. बाहेर कोवळं ऊन पडलं होतं. वहिनींनी वेणी नीट घातली होती. त्या समोरच्या भिंतीकडे बघत सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या, "बेबीताई, एक विचारू? ते रिपोर्ट घेऊन आला होतात ना तुम्ही रविवारी, तवा मी नाटक करती असं वाटलं होतं का तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण ज्या बाईनं एवढं खरं सांगितलं तिच्याशी खोटं कसं बोलू? "व्हय," मी म्हटलं, त्यांच्याच बोलीत, आणि मान खाली घातली. मला वाटलं आता त्या रागावतील, आणि रागावाव्यातच असंही वाटलं. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला.

"मला बी तेच वाटायचं," त्या म्हणाल्या. "तुमच्या लॅबचा रिपोर्ट खोटा कसा असंल? म्हणून तर गप बसले."